दाराबाहेरची गिटार

माझा भाऊ व्हर्लन टॅकेट जेवतानासुद्धा उभा असायचा. एका हातात मक्याच्या पावाचा तुकडा, दुसरा हात खिशात किल्ल्या खुळखुळवणारा आणि एक पाय दाराबाहेर. ममा म्हणायची, हा पोटात होता तेव्हाही याने मला एका कुशीवर झोपू दिलं नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकाच्या कडेला बसायचा, म्हणजे प्रवचन चालू असताना गुपचूप उठून ट्रकभोवती एक चक्कर मारून येता यायचं. खुर्च्यांच्या कारखान्यात त्याला आधी पॉलिशला ठेवलं होतं. तिथे तो एकेका खुर्चीभोवती इतक्या फेऱ्या मारायचा की शेजारच्या माणसाला गरगरायला लागलं. शेवटी त्याला माल हलवायच्या गाडीवर टाकलं, तेव्हा कुठे त्या खात्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

त्याच्या पायांची भिंगरी थांबायची ती एकाच ठिकाणी, स्टील गिटारीमागे. आमच्याकडे नुसतं स्टील म्हणतात. ही गळ्यात अडकवायची गिटार नव्हे. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते आणि माणूस तिच्यामागे स्टुलावर बसतो. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, डाव्या पायाने खालच्या पट्ट्या दाबून सूर वरखाली करायचे, गुडघ्यांनी आणखी काही दांड्या ढकलायच्या. आवाज निघतो तो वायरने जोडलेल्या वेगळ्या खोक्यातून, आणि उजवा पाय त्या आवाजाच्या पट्टीवर. चवडा दाबला की आवाज वाढतो, टाच टेकली की पार बंद. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळेच कामाला. मला वाटतं, म्हणूनच तो तिथे शांत व्हायचा. अंगातली वळवळ सगळीकडे वाटली जायची आणि चेहरा मोकळा राहायचा. त्या चेहऱ्यावरून मी जीव ओवाळून टाकला असता, आणि मी काही फार मायाळू बाई नाही. बेल्स फोर्डमध्ये माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे, कोणालाही विचारा.

ममाने मोज्यांच्या गिरणीत एकतीस वर्षं काढली. त्या खडखडाटात तिचे कान गेले. साठीला आली तोवर दारावर कोणी थापा मारल्या तरी तिला पत्ता नसायचा. पण व्हर्लन घरी वाजवायला बसला की ती खुर्ची ओढून त्याला खेटून बसायची आणि गिटारीच्या लाकडी कडेवर तळहात टेकवायची. तसं तिला ऐकू यायचं. तो चुकला की तोच हात उचलून त्याच्या दंडावर चापटी. तिचा एक नियम होता आणि तो तिने व्हर्लनच्या हाडात भिनवला होता: बाई गात असेल तर तिच्या अंगावर वाजवायचं नाही. ती श्वास घेईल तेवढ्यात तुला काय म्हणायचं ते म्हण, आणि बाजूला हो.

आता त्या गाण्याचं सांगते. व्हर्लनची बायको लोरीन पंचाहत्तर साली त्याला सोडून गेली, ती ट्रकमधूनच. किराणा दुकानासमोर भांडण झालं, ती उतरली आणि दार असं काही आपटलं की आतली काच निखळून अर्ध्यावर अडकली. व्हर्लनने ती कधी दुरुस्त केली नाही. जानेवारीतही तो त्या फटीत टॉवेल कोंबून गाडी चालवायचा. सगळं गाव त्याला बोलायचं. मी तर रोज बोलायचे.

"अरे, दहा मिनिटांचं काम आहे. कोणाची वाट बघतोयस? ती काय खिडकीतून परत येणार आहे?"

"वारा येतो चांगला," तो म्हणायचा आणि पाय हलवत दुसरीकडे बघायचा.

त्याच्या बँडमध्ये गाणारी डार्ला प्रुइट. व्हर्लनपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आमच्याच गल्लीतली. बाकी दोघे तिचे भाऊ, ती सांगेल तसं वाजवणारे. प्रुइटांच्या मिल रोडवरच्या शेडमध्ये सराव चालायचा म्हणून बँडचं नाव मिल रोड. एक दिवस डार्लाला त्या ट्रकमधून घरी यावं लागलं, भर हिवाळ्यात, आणि त्यातून गाणं निघालं. ‘तुझ्या बाजूची खिडकी.’ तुझ्या बाजूची खिडकी अजून अर्धीच लागते, हिवाळा त्याच फटीतून आत येतो. गावात कोणाला विचारायची गरज पडली नाही की खिडकी कोणाची.

मला वाटलं होतं व्हर्लन चिडेल. तो स्टीलमागे जाऊन बसला आणि त्याने गाण्याच्या आधीची जागा बसवली. सूर हळूहळू वर चढतो, शेवटच्या पायरीपाशी अडकतो आणि घसरत खाली येतो. काच अगदी तशीच अडकायची. लोरीन गेल्यावर सहा वर्षांत माझा भाऊ तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. जे काही बोलायचं होतं ते त्याने तिथे बोलून टाकलं.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये एका रेकॉर्ड कंपनीने त्यांना नॅशव्हिलला बोलावलं. ममा हटून बसली की मीही येणार, म्हणून मी दुकान बंद ठेवून तिला घेऊन गेले. स्टुडिओ म्हणजे एकच खोली, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. सगळे एकदम वाजवणार, डार्ला मधोमध माइकसमोर. कंपनीचे मिस्टर क्रँडल काचेपलीकडे यंत्रांपाशी बसले होते. गोरा हडकुळा माणूस, बोलायला गोड. तीनदा सुरुवात झाली आणि तिन्ही वेळा डार्ला मध्येच थांबली. मग ती माझ्यामागोमाग बाथरूममध्ये आली.

"नेल्डा, व्हर्लनचा आवाज माझ्या अंगावर येतोय गं. मला माझंच ऐकू येत नाही. मी कसं सांगू त्यांना?"

"तुला जीभ नाही?"

"ते मोठे आहेत. आणि त्यांचंच गाणं आहे."

मग मी सांगितलं. अशी कामं गावात माझ्याकडेच येतात. बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हटलं, "व्हर्लन, ते आवाजाचं खोकं उचल आणि बाहेर पॅसेजमध्ये ठेव. पोरीला स्वतःचा गळा ऐकू येईना झालाय." लांब वायर जोडून ते खोकं त्याने कोकच्या मशीनशेजारी नेऊन ठेवलं, तिथे स्टुडिओवाल्यांनी वेगळा माइक लावला, आणि तो आत येऊन बसला. स्वतःच्या कानांना मोठे हेडफोन लावले. ममाने गिटारीच्या कडेवर हात ठेवला. आणि डार्ला जी गायली तशी ती ना आधी कधी गायली होती, ना नंतर. मिस्टर क्रँडलनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

एप्रिलमध्ये रेकॉर्ड आली. आमच्या गावच्या रेडिओवर हॉलिस म्हणून एक जण सकाळी सहा ते दहा गाणी लावायचा. त्याने ती लावली तेव्हा मी एका बाईचं डोकं धूत होते. व्हर्लनची ती जागा सुरू झाली आणि मी पाणी बंद करायला विसरले. बाईच्या पाठीत पाणी शिरलं तरी ती हूं की चूं करेना. कारखान्यात व्हर्लनच्या डब्यावर कोणीतरी खडूने ‘खिडकीवाला’ लिहिलं. तो चक्क दोन दिवस हसत होता.

जूनमध्ये एका दुपारी तो माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. मिसेस गेन्ट्रीच्या केसांना मी नुकतंच कुरळे करायचं पर्मचं औषध लावलं होतं.

"बाहेर ये."

"वीस मिनिटं थांब. त्यांचे केस जळतील."

"नेल्डा, बाहेर ये."

मी गेले. ट्रकमध्ये बसलो, त्याने रेडिओ लावला. आम्ही कधी ऐकत नाही ते शहरातलं स्टेशन, नुसती पॉपची गाणी. पेट्रोल भरताना त्याच्या कानावर पडलं होतं आणि ते दर तासाला लावत होते. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. मग गाणं आलं. तीच जागा, सूर चढतो, अडकतो, घसरतो. पण स्टील नाही. व्हायोलिनं होती, वीसपंचवीस असतील, सगळी एकदम, तुपात घोळल्यासारखी. मग डार्लाचा आवाज, तोच, नॅशव्हिलचा. ती श्वास घ्यायची तिथे व्हर्लन बोलायचा, तिथेही व्हायोलिनं. मी शेवटपर्यंत वाट बघितली. तो कुठेच नव्हता.

"हे कोण आहेत?" मी विचारलं.

"मी नाही, एवढं खरं," तो म्हणाला.

नंतर कळलं की कंपनीने पहिल्यापासूनच दोन रेकॉर्डी काढायचं ठरवलं होतं. स्टीलवाली आपल्यासाठी, व्हायोलिनवाली शहरांसाठी. शहरातल्या स्टेशनांना स्टील ऐकलं की शेणाचा वास येतो म्हणे. व्हर्लनने ते मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं. "त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला," तो म्हणाला. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात हॉलिसनेही सकाळच्या वेळात व्हायोलिनवाली लावली. आमच्या बेल्स फोर्डमध्ये. लोक फोन करून तीच मागत होते. मी स्टेशनवर गेले आणि त्याला म्हटलं, तुझ्या बायकोचे केस यापुढे मी कापणार नाही. तो म्हणाला, नेल्डा, पहिला फोन माझ्या बायकोनेच केला होता.

तेव्हापासून व्हर्लनच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली ती मला बघवेना. त्याला काही मोठं नको होतं. पैसा नको, नाव नको. आपल्या डोंगराळ भागातल्या स्टेशनांनी तरी स्टीलवालं गाणं लावावं, एवढंच. लोकांच्या कानात कोणतं तरी एकच राहणार, आणि जे राहील त्यात आपण असावं. त्याने स्टीलवाल्या रेकॉर्डींचं एक खोकं मिळवलं आणि कारखान्यातून लवकर सुटून स्टेशनं पालथी घालायला लागला. आमच्याकडे रीत आहे: डोनटचा बॉक्स घेऊन जायचं, कॉफी प्यायची, पाऊसपाणी, देवाधर्माचं बोलायचं, तासाभराने सहज रेकॉर्ड पुढे सरकवायची. ज्याला एक मिनिट बसवत नाही त्याने हे करायचं म्हणजे शिक्षाच. मी दोनदा त्याच्याबरोबर गेले. तो आल्या आल्या रेकॉर्ड टेबलावर ठेवायचा आणि खोलीत येरझाऱ्या घालायचा. एका म्हाताऱ्या निवेदकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, यांना बाथरूम दाखवू का?"

एकतीस स्टेशनं केली त्याने. बहुतेकांनी त्याच्यादेखत एकदा लावलं, पाठ वळल्यावर व्हायोलिन. घरी जाताना ट्रकमध्ये तो सारखा रेडिओची खुंटी फिरवायचा. थोडा स्टीलचा सूर लागला असं वाटायचं, तो गाडी बाजूला घ्यायचा, आणि ते दुसरंच काहीतरी निघायचं. वजन उतरलं. ममाने त्याचा शर्ट धरून मला दाखवला, जणू मीच त्याला उपाशी ठेवलंय.

जुलैच्या शेवटी डार्ला माझ्याकडे केस करून घ्यायला आली. गाणं तेव्हा सगळ्या देशात चौथ्या नंबरावर होतं, आमच्याकडच्या कंट्री गाण्यांच्या यादीत नव्हे, शहरी पॉपच्या. तिच्या डोक्यात मी रोलर घालत होते आणि प्रत्येक रोलर गरजेपेक्षा घट्ट घालत होते.

"दुखतंय, नेल्डा."

"दुखू दे. चौथ्या नंबरला असंच दुखतं."

ती आरशात माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी भांडले होते. क्रँडलना म्हटलं, व्हर्लन नसेल तर मीही नाही. ते म्हणाले, मग दुसरी पोरगी हेच गाणं गाईल, गाण्याचे हक्क आमच्याकडे आहेत. भाऊ घरी येऊन रडले. काय करायला हवं होतं मी?"

"मला विचारायला हवं होतंस."

"तुला विचारून काय झालं असतं?"

मी आणखी एक रोलर घातला. मग ती हळूच म्हणाली, "खरं तर कंपनीला स्टील काढणं जमलंच नसतं. स्टुडिओतला यंत्रावरचा माणूस मला म्हणाला. सगळे एका खोलीत वाजवत असले की स्टीलचा आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, मग तो काढता येत नाही, काढायचा तर माझा आवाजही जातो. पण व्हर्लनचं खोकं पॅसेजमध्ये होतं, दार बंद होतं. म्हणाला, ताटातून पाव उचलावा तसं अलगद उचललं."

हातातली पिन खाली पडली. डार्लाला कळलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "मी तुला सांगितलं म्हणून तू सांगितलंस." पण तिने बाथरूममध्ये कानात सांगितलं होतं. सगळ्यांदेखत, तोंड वर करून, मी सांगितलं होतं.

तीन आठवडे मी ते पोटात ठेवलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं गाव म्हणतं, पण यावेळी मी गप्प. व्हर्लन समोर आला की मी त्याला काहीतरी खायला वाढायचे आणि नजर चुकवायचे. तोवर गाणं दुसऱ्या नंबरावर गेलं. बाहेरगावची माणसं येऊन त्या ट्रकच्या खिडकीशेजारी उभी राहून फोटो काढून घ्यायला लागली. मागे उभ्या असलेल्या व्हर्लनला म्हणायची, दादा, जरा बाजूला होता का?

ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्याची जत्रा असते. मिल रोड तिथे दरवर्षी वाजवायचं, डुकरांच्या स्पर्धेनंतर आणि ट्रॅक्टरच्या आधी. यंदा त्यांच्यासाठी वेगळं स्टेज, नॉक्सव्हिलहून टीव्हीवाले येणार, मिस्टर क्रँडल स्वतः हजर. आदल्या दिवशी त्यांनी व्हर्लनला सांगितलं, बाकी दहा गाणी मनसोक्त वाजवा. हे एक रेकॉर्डसारखंच व्हायला हवं, व्हायोलिनं टेपवर येतील, तेवढ्यापुरतं तुम्ही खाली उतरलात तर बरं.

जत्रेच्या दिवशी सकाळी तो केस कापायला दुकानात आला. खुर्चीत त्याचा गुडघा नाचत होता. मी दोन वेळा कात्री लावली, दोन वेळा मागे घेतली.

"हलू नकोस. कान जाईल."

"जाऊ दे. आमच्या घरात कानाचं कोणाला काय पडलंय."

मला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर सगळं बाहेर पडलं. खोकं, पॅसेज, यंत्रावरचा माणूस, ताटातला पाव. मी रडत होते, आणि मी दुकानात कधी रडत नाही. "मी तुला बाहेर काढलं, व्हर्लन. माझ्या या तोंडाने."

त्याचा गुडघा थांबला. आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं.

"खोकं बाहेर न्यायला तू सांगितलंस," तो म्हणाला. "दार मी लावलं."

"काय?"

"दार उघडंच होतं. वायर खालून गेली होती, उघडं राहिलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. डार्लाने पहिली ओळ म्हणून बघितली. मी ऐकली. उठलो आणि दार नीट ओढून घेतलं." त्याने अंगावरचा टॉवेल सारखा केला. "इतकं चांगलं ती कधी गायली नव्हती, नेल्डा. आपलं काही तिच्या अंगावर नको जायला, एवढंच आलं मनात. काप आता, उशीर होतोय."

मी कापले. वेडेवाकडे झाले, पण त्याने आरशात बघितलंही नाही.

"मग आज खाली उतरणार?" मी विचारलं.

"ममा शेजारी बसते ना," तो म्हणाला आणि टॉवेल झटकून निघून गेला. मला वाटलं, त्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.

दरवर्षी ममासाठी स्टेजवर त्याच्या उजव्या हाताला एक खुर्ची टाकतात. त्या दिवशीही टाकली. ती निळ्या फुलांचा झगा आणि पांढरे बूट घालून बसली, तळहात गिटारीच्या कडेवर. लोक इतके होते की कुंपणावर चढले होते. पहिली दहा गाणी जोरात झाली. मग डार्लाने त्या गाण्याचं नाव घेतलं आणि सगळं मैदान उभं राहिलं. मिस्टर क्रँडल स्टेजच्या पायरीपाशी येऊन थांबले, व्हर्लनला उतरायला हात देण्यासाठी. व्हर्लन स्टुलावरून हलला नाही. त्यांच्याकडे बघून त्याने फक्त उजवी टाच खाली टेकली. आवाजाची पट्टी पार बंद.

टेप सुरू झाली. व्हायोलिनं मैदानभर पसरली. आणि मी स्टेजच्या कडेने पाहिलं, माझा भाऊ वाजवत होता. कांडी सरकत होती, डावा पाय पट्ट्या दाबत होता, गुडघे दांड्या ढकलत होते, पूर्ण जागा, एकही सूर न गाळता. आवाज शून्य. समोरच्या खोक्यातून साधी खरखरसुद्धा नाही. डार्ला गायला लागली तसा तो थांबला, तिने श्वास घेतला तसा तो बोलला, पुन्हा थांबला. ममाचा हात कडेवर होता, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. लाकडातून तिला सगळं पोचत होतं. चार हजार माणसांत तिला एकटीला.

माझ्या शेजारची बाई व्हायोलिनबरोबर ती जागा गुणगुणत होती. तिला गप्प करावं म्हणून मी वळले, आणि माझ्या लक्षात आलं की मीही गुणगुणतेय, तिच्याच सुरात, व्हायोलिनच्या वळणाने. महिनाभर माझ्या दुकानात रेडिओ चालू होता ना. मला माझीच लाज वाटली. गाणं संपलं तेव्हा इतक्या टाळ्या पडल्या की पलीकडच्या गोठ्यातली गुरं हंबरायला लागली. स्टील ऐकू आलं नाही, असं मला त्या दिवशी एकही माणूस म्हणाला नाही. घरी जाताना मी मुद्दाम चौघापाचांना विचारलं. ते म्हणाले, छान झालं, अगदी रेकॉर्डसारखं.

परत येताना आम्ही तिघं ट्रकमध्ये. व्हर्लन चालवत होता, मी मध्ये, ममा त्या अर्ध्या खिडकीशी, डोक्याला रुमाल बांधून. ऊन अजून कलायचं होतं. रेडिओ चालू होता आणि गिरणीच्या वळणावर तेच गाणं आलं, व्हायोलिनवालं. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," व्हर्लन म्हणाला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. बोटं वाजत नव्हती.

ममाला रेडिओचा काही पत्ता नव्हता. ती खिडकीतून गवत बघत होती. मग माझ्या मांडीवरून हात लांब करून तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि बहिऱ्या माणसांसारखी मोठ्याने म्हणाली, "आज बरोबर वाजवलंस. सगळे कसे उभे राहिले बघ. आणि त्या पोरीच्या अंगावर एकदाही गेला नाहीस."

त्याने तिच्याकडे तोंड वळवलं, तिला ओठ दिसावेत म्हणून.

"नाही गेलो, ममा," तो म्हणाला.